छोट्या खासगी विद्यापीठात एमए, एमएस्सी किंवा पीएचडी: प्रवेशाआधी नेमकं काय तपासायचं?

पदवीचा निकाल लागला की पुढचे दोन-तीन महिने अनेक घरांत तीच ओढाताण चालते. सरकारी विद्यापीठाच्या विभागाची गुणवत्ता यादी लांबत राहते आणि इकडे खासगी विद्यापीठाच्या प्रवेश विभागातून रोज फोन येतो: दोनच जागा उरल्यात, आज टोकन रक्कम भरा. मग घरचे वेबसाइट बघतात, इमारत बघतात, ‘सर्वाधिक पॅकेज’चा आकडा बघतात आणि पैसे भरून मोकळे होतात. खरा प्रश्न विचारायचा राहूनच जातो: पुढची दोन वर्षं मला शिकवणार कोण?

पदवीच्या पातळीवर विद्यापीठाचं नाव थोडंफार तारून नेतं. पदव्युत्तर शिक्षणात मात्र तुमचा संबंध येतो तो एका विभागाशी. छोट्या विद्यापीठात हा विभाग म्हणजे चार-पाच शिक्षक, एखादी प्रयोगशाळा आणि दहा-पंधरा विद्यार्थी. त्यातले दोन चांगले शिक्षक सोडून गेले तर अभ्यासक्रमाचं नाव तेच राहतं, आतला जीव निघून जातो. त्यामुळे अशा ठिकाणाची पारख करताना आधी कायद्याची बाजू झटपट तपासावी आणि उरलेला सगळा वेळ विभागावर घालवावा, असं माझं ठाम मत आहे.

‘खासगी विद्यापीठ’ म्हणजे कायद्याने काय?

बोलताना आपण तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. खासगी संस्थेचं महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला किंवा शिवाजी विद्यापीठाला संलग्न असेल तर तुमची पदवी त्या सरकारी विद्यापीठाची असते. अभिमत विद्यापीठाला यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा, १९५६ च्या कलम ३ खाली केंद्र सरकार दर्जा देतं. राज्य खासगी विद्यापीठ मात्र राज्याच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्यातून जन्माला येतं आणि स्वतःची पदवी स्वतः देतं. महाराष्ट्रात त्यासाठी ‘स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ’ असा शब्द आहे आणि २०२३ मध्ये या विद्यापीठांसाठी एक सामाईक अधिनियमही झाला. स्वयंअर्थसहाय्यित याचा अर्थ सरकारी अनुदान नाही. शिक्षकांच्या पगारापासून प्रयोगशाळेतल्या रसायनांपर्यंतचा खर्च मुख्यतः विद्यार्थ्यांच्या शुल्कातून निघतो. पुढचे बरेच प्रश्न या एका गोष्टीतून उगवतात, म्हणून ती लक्षात ठेवा.

कायद्याची बाजू किती महत्त्वाची आहे, हे छत्तीसगडने दाखवून दिलं. तिथे २००२ मध्ये असा कायदा झाला की राजपत्रात नुसती अधिसूचना काढून विद्यापीठ स्थापन करता येत होतं. बघता बघता शंभरावर विद्यापीठं कागदावर उभी राहिली. त्यातल्या काहींकडे एखाद-दोन खोल्यांपलीकडे काही नव्हतं. यूजीसीचे माजी अध्यक्ष आणि भौतिकशास्त्रज्ञ प्रा. यशपाल याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयाने अशी मुभा देणारी कलमं घटनाबाह्य ठरवली आणि त्यांच्या आधारावर उभी असलेली विद्यापीठं एका निकालात संपली. तिथे शिकणाऱ्या मुलांची सोय लागावी म्हणून त्या संस्था राज्यातल्या आधीच्या विद्यापीठांना जोडून देण्याची व्यवस्था करायला न्यायालयाला सांगावं लागलं.

आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, आणि तपासणीला पाच मिनिटं लागतात. यूजीसीच्या संकेतस्थळावर राज्य खासगी विद्यापीठांची यादी असते. तिथे नाव आणि पत्ता जुळवा. बनावट विद्यापीठांची यादीही तिथेच असते. पत्ता जुळवणं फार गरजेचं आहे, कारण यूजीसीच्या २००३ च्या नियमांनुसार खासगी विद्यापीठाला महाविद्यालयं संलग्न करून घेता येत नाहीत आणि काम मुळात आपल्या राज्याच्या हद्दीतच करायचं असतं. दुसऱ्या राज्यातल्या खासगी विद्यापीठाचं ‘सेंटर’ तुमच्या तालुक्यात एखाद्या क्लासच्या वरच्या मजल्यावर चालत असेल तर पुढची चौकशीसुद्धा करू नका. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम असेल तर त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला, त्या विशिष्ट वर्षासाठी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का, हे वेगळं पाहावं लागतं.

यानंतर येतात व्यावसायिक परिषदा. इथे बारकावा आहे. एमफार्मला फार्मसी कौन्सिल, एलएलएमला बार कौन्सिल, एमएडला एनसीटीई ही शिक्षक-शिक्षणाची परिषद. अशा ठिकाणी विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे एवढं पुरत नाही, त्या अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता लागते. सगळ्यात जास्त फसगत मानसशास्त्रात होताना दिसते. ‘क्लिनिकल सायकॉलॉजी’ असं नाव असलेली एमए किंवा एमएस्सी केली म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी होते, असं मुलं समजतात. ती नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, करते. तिच्या यादीत त्या संस्थेचा तोच अभ्यासक्रम असेल तरच नोंदणीचा मार्ग खुला होतो. प्रवेश विभागाचं तोंडी आश्वासन इथे कामाचं नाही, आरसीआयच्या संकेतस्थळावरची यादी पाहा. उलट एमबीए किंवा एमटेकला एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेची, मान्यता दिसली नाही म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. विद्यापीठाला स्वतःचा तांत्रिक अभ्यासक्रम सुरू करताना एआयसीटीईची पूर्वपरवानगी लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने भारतीदासन विद्यापीठाच्या प्रकरणात २००१ मध्ये दिला आहे.

नॅक आणि एनआयआरएफ

नॅक म्हणजे उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणारी परिषद. तिची श्रेणी संपूर्ण संस्थेची असते. चार गुणांपैकी ३.५१ किंवा त्याहून जास्त मिळाले की ए++, ३.२६ ते ३.५० ला ए+, ३.०१ ते ३.२५ ला ए, अशी उतरंड आहे. त्यातून तुमच्या विभागाबद्दल फारसं कळत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर चांगल्या श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या एका तपासणी समितीच्या सदस्यांनाच अटक केली होती. श्रेणी पाहा, तिची मुदत संपलेली नाही ना हे पाहा आणि पुढे चला.

एनआयआरएफ म्हणजे केंद्र सरकारची शिक्षण संस्थांची क्रमवारी. तिच्या बाबतीत मला क्रमांकापेक्षा त्यामागची माहिती जास्त उपयोगी वाटते. भाग घेणाऱ्या संस्थांना त्यांनी दिलेली माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्या पीडीएफमध्ये दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी किती मुलांनी प्रवेश घेतला, किती वेळेत उत्तीर्ण झाली, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, हे सगळं असतं. मध्यक म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने मांडले तर बरोबर मधला आकडा. जाहिरातीत एका मुलाचं २० लाखांचं पॅकेज झळकतं आणि मध्यक साडेतीन लाख निघतो. कर्ज तुम्हाला त्या साडेतीन लाखांतून फेडायचं असतं. ही पीडीएफ संकेतस्थळावर कोपऱ्यात दडवलेली असते, पण शोधा. संस्था एनआयआरएफमध्ये भागच घेत नसेल तर हेच चार आकडे ईमेलवर लेखी मागा.

आता विभाग

संकेतस्थळावरच्या शिक्षकांच्या यादीतून प्रत्येक नाव घ्या. पूर्णवेळ कोण, कंत्राटी कोण, तासिका तत्त्वावर येणारे कोण आणि ‘सन्माननीय प्राध्यापक’ म्हणून फक्त फोटोपुरते कोण, हे विचारा. पुण्या-मुंबईच्या आसपास एकच नामवंत निवृत्त प्राध्यापक दोन-तीन संस्थांच्या माहितीपत्रकात दिसणं नवं नाही. पूर्णवेळ शिक्षक इथे किती वर्षांपासून आहेत, हे तर विचाराच. चौघांपैकी चौघेही गेल्या वर्षभरात आले असतील तर आधीचे का गेले, हा प्रश्न उभा राहतो. छोट्या खासगी विद्यापीठांतून शिक्षक पटापट सोडून जातात. पगार उशिरा होणं, शिकवण्यापेक्षा प्रवेशाच्या मोहिमांना जुंपलं जाणं, ही त्यामागची नेहमीची कारणं. त्यात शिक्षकांचा दोष नसतो, पण नुकसान तुमचं होतं.

माहितीपत्रकातल्या ऐच्छिक विषयांच्या यादीवर विश्वास ठेवू नका. समजा, एमए अर्थशास्त्राला बारा ऐच्छिक विषय छापले आहेत आणि वर्गात मुलं आठ आहेत. आठ मुलांसाठी बारा विषय कुणीच शिकवत नाही, प्रत्यक्षात दोन किंवा तीनच चालतात. मागच्या वर्षाचं खरं वेळापत्रक मागा. कोणता विषय कुणी शिकवला, आठवड्याला किती तास झाले, हे त्यातून एका पानात कळतं. आपलं वेळापत्रक दाखवायला खळखळ करणारा विभाग मी तरी टाळीन.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी यंत्रांची यादी न विचारता यंत्रं कधी, कुणी वापरली याची नोंदवही विचारावी. महागडं यंत्र काचेआड ठेवलेलं असतं आणि नमुने तपासायला बाहेर पाठवले जातात, त्याचे पैसे कोण भरतं? एमएस्सीच्या शेवटच्या सत्रातला प्रकल्प त्याच इमारतीत होतो की मुलांनी आपापली व्यवस्था बाहेर करायची? बाहेर जाऊन करणं वाईट नाही. एखाद्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत जागा मिळवून देणारा शिक्षक असेल तर ते भाग्यच. पण ओळखी मुलांनीच शोधायच्या असतील तर विद्यापीठ शुल्क कशाचं घेतं?

ग्रंथालयाबद्दल एक नवी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० मोठे प्रकाशक आणि जवळपास १३,००० संशोधन नियतकालिकं. तिचा लाभ केंद्र आणि राज्य सरकारांच्या संस्थांना मिळतो, खासगी विद्यापीठं त्यात नाहीत. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी महाविद्यालयातला विद्यार्थी जो शोधनिबंध मोफत उघडू शकतो, तो लाखभर शुल्क भरणाऱ्या तुम्हाला बंद मिळू शकतो. विद्यापीठाने स्वतःच्या पैशाने कोणते संग्रह घेतले आहेत, हे ग्रंथपालांना भेटून विचारा. ग्रंथपाल सहसा खरं सांगतात. प्रबंध लिहायचा असेल तर ही भेट कुलगुरूंच्या स्वागतपर भाषणापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

आणि विद्यार्थ्यांशी बोला, पण प्रवेश विभागाने गाठ घालून दिलेल्यांशी नव्हे. कामाच्या दिवशी दुपारी, न कळवता, आवारात जा. दुसऱ्या वर्षाची मुलं कँटीनमध्ये भेटतात. मागच्या सत्राचा निकाल किती दिवसांनी लागला, गुणपत्रिका हातात आली का, प्रबंधाचा मसुदा सरांनी वाचून दिला का, एवढं विचारलं की पुष्कळ कळतं. आपल्याकडच्या मुलांना अनोळखी माणसाशी असं बोलायला संकोच वाटतो. पण दोन वर्षांचा आणि काही लाखांचा प्रश्न आहे, तेव्हा संकोच बाजूला ठेवावा.

हे सगळं वाचून छोटं म्हणजे वाईट असा समज होऊ नये. पुण्यातलं डेक्कन कॉलेज आणि १९३० साली स्थापन झालेली गोखले संस्था, दोन्ही आकाराने लहान. त्या अभिमत संस्था आहेत आणि त्यांची घडण वेगळी आहे हे खरं, पण पुरातत्त्व, भाषाशास्त्र किंवा अर्थशास्त्र शिकायला देशभरातून मुलं तिथे आली ती आकार पाहून नव्हे. बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ खासगीच आहे. २०११ मध्ये तिथे शिक्षण आणि विकास या विषयांतले एमए सुरू झाले, आणि घरच्या उत्पन्नानुसार शुल्कात मदत मिळत असल्याने साध्या घरांतली मुलंही तिथे शिकली. चांगल्या छोट्या विभागात शिक्षक तुम्हाला नावाने ओळखतात, तुमचा मसुदा चार वेळा वाचतात, आणि पुढे परदेशी अर्ज करताना शिफारसपत्रात तुमच्याबद्दल खरंखुरं लिहू शकतात. साठ-सत्तर जणांच्या वर्गात हे क्वचितच घडतं. म्हणूनच अशा विभागात माणसं पारखायला हवीत. तिथलं चांगलं आणि वाईट, दोन्ही त्या चार-पाच जणांवरच ठरतं.

पीएचडी असेल तर

इथे चुकीची किंमत सगळ्यात मोठी, कारण वर्षं जातात. यूजीसीचे २०२२ चे नियम सांगतात की पीएचडीला किमान तीन वर्षं लागतात, त्यातच किमान १२ श्रेयांकांचं (क्रेडिट्सचं) कोर्सवर्क येतं. ‘दीड वर्षात पीएचडी’ असं कुणी म्हणालं तर संवाद तिथेच संपवावा. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पीएचडी चालत नाही. नोकरी करणाऱ्यांना अंशकालीन करता येते, त्यासाठी कार्यालयाचं ना-हरकत पत्र लागतं.

मार्गदर्शक त्याच संस्थेतला पूर्णवेळ नियमित शिक्षक असावा लागतो. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार यापेक्षा जास्त संशोधक असू शकत नाहीत. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या शिक्षकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. आता हिशेब करा. विभागात एक प्राध्यापक आणि दोन सहायक प्राध्यापक असतील तर जास्तीत जास्त सोळा जण. तिथे चाळीस संशोधक नोंदलेले दिसले तर काहीतरी गडबड आहे.

हे नियम नुसते कागदावर आहेत असंही समजू नका. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने राजस्थानातल्या ओपीजेएस, सनराइज आणि सिंघानिया या तीन विद्यापीठांना २०२५-२६ पासून पाच वर्षं पीएचडीसाठी नवे विद्यार्थी घ्यायला मनाई केली. पीएचडी देताना नियम पाळले नाहीत, हे कारण.

मार्गदर्शकाची पारख करायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे ‘शोधगंगा’. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा हा प्रबंधसंग्रह सर्वांसाठी खुला आहे. त्या विद्यापीठाचं नाव टाका, मग मार्गदर्शकाचं. त्यांच्या हाताखाली झालेला एखादा प्रबंध उघडा आणि पहिलं प्रकरण नीट वाचा. भाषा घाईत जोडलेली आहे का, संदर्भ खरे आहेत का, प्रश्न नीट मांडला आहे का, हे एमए झालेल्या कुणालाही तासाभरात कळतं. विद्यापीठ दहा वर्षं चालू आहे, पीएचडी दिल्याच्या बातम्या आहेत आणि शोधगंगेवर मात्र काहीच नाही, तर त्याचं कारण विचारायला हवं.

पैशांचंही विचारा. जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळालेल्या संशोधकाला महिना ३७,००० रुपये मिळतात आणि ते चांगल्या खासगी विद्यापीठातही घेता येतात. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या असतात, त्यांच्या त्या वर्षाच्या जाहिरातीत तुमचं विद्यापीठ पात्र आहे का, ते पाहा. अधिछात्रवृत्ती काहीच नाही, वर शुल्क दरवर्षी, आणि फुकट तास घ्यायची अपेक्षा, अशा अटींवर पूर्णवेळ पीएचडी करू नये असं मी स्पष्टच सांगेन.

हिशेब

समजा, दोन वर्षांचं शुल्क सहा लाख, दोन हप्त्यांत तीन-तीन लाखांचं कर्ज, व्याज साडेदहा टक्के. शिकत असताना आणि त्यानंतर वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. सरळव्याजाने धरलं तरी पहिल्या तीन लाखांवर तीन वर्षांचं ९४,५०० आणि दुसऱ्या तीन लाखांवर दोन वर्षांचं ६३,००० होतं. हप्ता सुरू होताना कर्ज ७,५७,५०० रुपयांवर पोचलेलं असतं. सात वर्षांत फेडायचं तर महिना साधारण १२,८००, आणि एकूण परतफेड पावणेअकरा लाखांच्या आसपास. आता एनआयआरएफच्या पीडीएफमधला मध्यक पगार शेजारी ठेवा. साडेतीन लाख म्हणजे महिना २९,००० सुद्धा हातात पडत नाहीत. त्यातून १२,८०० गेले की पुण्यात खोलीचं भाडं भागवून काय उरतं?

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळतं आणि वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या पात्र कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. पण ती ठरावीक यादीतल्या संस्थांसाठीच, आणि यादी एनआयआरएफवर बेतलेली आहे. तुमचं विद्यापीठ त्यात आहे का, हे बँकेत जाण्याआधी पाहा. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्या खासगी विद्यापीठात मिळतीलच असं धरून चालू नका. पोर्टलवर ती संस्था आणि तो अभ्यासक्रम दिसतो का, तेवढाच पुरावा. विद्यापीठाने ‘५० टक्के सवलत’ दिली असेल तर ती दुसऱ्या वर्षीही राहते का आणि कोणती श्रेणी टिकवली तर राहते, हे पत्रावर लिहून घ्या.

ध्येयही तपासून पाहावं. तुम्हाला एमपीएससी द्यायची असेल किंवा मराठी, इतिहास अशा विषयात नेट-सेट काढायची असेल, तर एमपीएससीच्या बहुतेक पदांना मान्यताप्राप्त पदवी पुरते आणि नेट-सेट या सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांसाठी मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदवीत खुल्या प्रवर्गात ५५ टक्के गुण लागतात. त्यासाठी लाखो रुपये मोजायचं कारण मला दिसत नाही, जवळच्या विद्यापीठाचा विभाग पुरतो. जर्मनीला जायचं असेल तर तिथल्या ‘अनाबिन’ या सरकारी माहितीकोशात तुमच्या विद्यापीठापुढे एच+ (म्हणजे मान्यताप्राप्त) आहे का, हे आजच बघा. शुल्क जास्त देणं योग्य ठरतं ते एखादा विषय दुसरीकडे मिळतच नाही, किंवा एखाद्या विशिष्ट शिक्षकाकडेच शिकायचं आहे तेव्हा.

आणि टोकन रकमेचा दबाव आलाच तर नियम माहीत असू द्या. यूजीसीच्या २०१८ च्या धोरणानुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क परत मिळतं, प्रक्रिया खर्च म्हणून फार तर ५ टक्के आणि तेही ५,००० रुपयांपर्यंतच कापता येतं. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, तारखेनंतर पंधरा दिवसांत ८० आणि तीस दिवसांपर्यंत ५० टक्के परत मिळतात. त्यापुढे फक्त अनामत रक्कम. काही वर्षी यूजीसी याहून सवलतीच्या तारखा जाहीर करतं, २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा होता. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला विद्यापीठाला अडकवून ठेवता येत नाही. मूळ कागद समोर दाखवून लगेच परत घ्या, झेरॉक्स द्या, आणि भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती विद्यापीठाच्या नावाचीच आहे ना, तेवढं काउंटर सोडण्याआधी वाचून घ्या.